नळदुर्ग : नदी कोरडी असताना पाहायचा किल्ला

बोरीकाठ

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात एकच फोटो फिरायला लागतो. काळी दगडी भिंत, तिच्यातून कोसळणारे दोन पांढरे लोट, आणि खाली ओळ : "नर-मादी सुरू झाले, चला नळदुर्गला." मग रविवारी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. लोक भिजतात, कणसं खातात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. त्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. मीही पहिल्यांदा नळदुर्ग तसाच पाहिला, सात वर्षांचा असताना, मामाच्या खांद्यावर बसून. आजोळ जवळच, जळकोटला.

पण गेल्या वीसेक वर्षांत मी हा किल्ला जास्तीत जास्त वेळा उन्हाळ्यात पाहिला आहे, आणि पाणी नसतं तेव्हाच तो नीट उलगडतो असं माझं मत पक्कं होत गेलं. पाणी वाहत असलं की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे जातं. पाणी आटलं की त्या पाण्यासाठी माणसांनी काय काय केलं, ते दिसायला लागतं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी जागा सांगतो. धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका. सोलापुरापासून पन्नासेक किलोमीटर, हैदराबादच्या वाटेवर. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला इथे आल्यावर क्षणभर चुकल्यासारखं होतं, कारण चढायला डोंगरच नाही. बसाल्टचं पठार आहे, त्याचा एक कडा बोरी नदीनं कापून काढलाय, आणि त्या कड्यावर तटबंदी उभी आहे. हीच बोरी पुढे अक्कलकोटच्या बाजूला जाऊन भीमेला मिळते. किल्ल्याला शंभरावर बुरूज. 114 हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तटाच्या कडेनं पूर्ण फेरी मारायची तर सकाळ जाते.

नदीच्या पलीकडे आणखी एक छोटा तटबंद उंचवटा आहे, रणमंडळ. मोठा किल्ला आणि रणमंडळ यांच्या मधून बोरी वाहते. या दोघांना जोडणारी भिंत म्हणजेच ते प्रसिद्ध धरण, आणि त्याच्या पोटात पाणी महाल. नदी अडवून किल्ल्याच्या अंगाशी आणली, त्यामुळे त्या बाजूला खंदक खणायचं काम नदीनंच केलं. वर किल्ल्याला बारमाही पाणी मिळालं.

आता इतिहास. गावाचं नाव नळराजावरून पडलं असं इथला प्रत्येक माणूस सांगतो. नळ आणि दमयंती इथले, अशी श्रद्धा आहे. इतिहासात मागे गेलं की कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापर्यंत पोचतो; त्यांच्या मांडलिक राजानं बांधलेला मूळ किल्ला मातीचा होता असं सांगतात. मग बहामनी आले. बहामनी राज्य फुटल्यावर नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि तिथून त्याचं नशीब पालटलं. आज दिसतो तो दगडी तट मुख्यतः आदिलशाहीतला. पहिला अली आदिलशहा 1558 साली गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत इथे मोठं बांधकाम झालं. त्या काळातल्या फारसी लिखाणात किल्ल्याचं नाव "शाहदुर्ग" असं येतं. लोकांनी मात्र नळराजाला सोडलं नाही.

हा किल्ला इतका का जपला, हे नकाशा उघडला की कळतं. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर या चौघांच्या मधोमध हे ठाणं. सोलापूर आणि परांडा हे शेजारचे किल्ले सतत या हातातून त्या हातात जात होते. 1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला, राज्याचा भार चांदबिबीवर आला. ही संधी साधून निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला. वेढा महिनोन्‌महिने चालला. किल्ला पडला नाही, वेढा उठवावा लागला.

तो नऊ वर्षांचा मुलगा मोठा झाला. त्याच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यात, 1613 साली, बोरीवर हे धरण उभं राहिलं. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. लहानपणी ज्या किल्ल्याच्या वेढ्याच्या बातम्या कानावर पडल्या, त्याच किल्ल्याला पुढे पाण्यानं कायमचं निर्धास्त करून टाकलं, असं मला नेहमी वाटत आलंय. हा माझा विचार, कागदावर कुठे असं लिहिलेलं नाही.

आता थेट पाणी महालात जाऊ. धरणाच्या माथ्यावरून चालत गेलं की मधे खाली उतरणारा जिना लागतो. दगडी, अरुंद, पायऱ्या उंच. चार-पाच पायऱ्या उतरलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं आणि अंगाला गारवा लागतो, मे महिन्यातसुद्धा. थोडं थांबायचं, डोळे सरावू द्यायचे. वटवाघळांचा वास येतो. मग कमानी दिसायला लागतात, भिंतीवरची चुन्याची नक्षी दिसते, आणि समोर खिडकी. ही खिडकी धरणाच्या खालच्या अंगाला उघडते, म्हणजे पाठीमागे सगळं पाणी आणि पुढे मोकळी दरी. पावसाळ्यात याच खिडकीवरून पाण्याचा पडदा खाली जातो. आत बसलेला माणूस कोरडा राहतो आणि प्रकाश पाण्यातून गाळून आत येतो, हलता.

उन्हाळ्यात तिथे पाणी नसतं. तेव्हा खिडकीच्या चौकटीला हात लावून पाहता येतो. पाणी ज्या कडेवरून चारशे वर्षं उडी मारत आलंय ती कड बोटांना गोल लागते. बाकीच्या दगडांच्या कडा अजून टोकदार आहेत. मला त्या एका गोल कडेसाठी परत परत जावंसं वाटतं.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. ज्यांच्या घरात जुन्या आठवणी आहेत त्यांनी तर नक्कीच लिहा.

चुनखडी

फार आवडलं. मी स्थापत्य अभियंता आहे, पाटबंधाऱ्याच्या कामांवर तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर दोनदा नळदुर्गला गेलो, आणि दोन्ही वेळा ऐन मेमध्ये, कारण मला भिंत बघायची होती.

लोक विचारतात, धरणाच्या पोटात खोल्या असून गळत कसं नाही. त्याआधी एक मूळ गोष्ट सांगतो. धरणाला किती ढकल सोसावी लागते हे पाणी मागे किती लांब पसरलंय यावर ठरत नाही, पाणी भिंतीशी किती खोल आहे यावर ठरतं. खोली दुप्पट झाली की एकूण ढकल चौपट होते. म्हणून तळाशी भिंत जाड लागते. असं दगडी धरण उभं राहतं ते निव्वळ स्वतःच्या वजनावर. त्यात पोकळी ठेवणं म्हणजे वजन कमी करणं, म्हणजे धोका पत्करणं. नळदुर्गच्या बंधाऱ्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही. अडीच मीटरपासून थेट चौदा मीटरपर्यंत जाते. पोटात महाल ठेवायचा तर भोवती पुरेसा दगड हवा, हे बांधणाऱ्याला कळत होतं. लांबी पावणेदोनशे मीटरच्या घरात आहे.

दुसरं, जादा पाण्याची वाट. पूर आला की पाणी भिंतीवरून वाटेल तिथून गेलं तर भिंत खालून उकरली जाते. इथे पाण्याला दोन ठरलेल्या वाटा दिल्यात, त्याच नर आणि मादी. आम्ही ज्याला सांडवा म्हणतो तेच हे. फरक एवढाच की आमचे सांडवे कुणी खिडकीत बसून बघावेत म्हणून बांधलेले नसतात. इथे पाण्याची धार महालापासून थोडी पुढे फेकली जाते आणि खोल्या त्या धारेच्या मागे, कोरड्या राहतात. धबधब्यामागच्या कपारीत उभं राहिल्यासारखं.

आजच्या मोठ्या धरणांच्या पोटातही बोगद्यासारखी गॅलरी असते, झिरपा तपासायला. मी अशा गॅलऱ्यांमधून शेकडो वेळा चाललोय. बल्ब, ओल, वहीत आकडे. पाणी महालात उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की याच जागेत कुणी गालिचा टाकून बसलं असेल. तो मीर इमादीन नुसता गवंडी नव्हता, नदीला ओळखणारा माणूस होता.

बोरीकाठ

@चुनखडी, काका, खोली आणि ढकलीचं हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. रुंदी का बदलते हा प्रश्न मला कैक वर्षं पडला होता.

नस्तालीक

पाणी महालात फारसी लेख आहे, त्याबद्दल थोडं लिहिते. मी फारसी शिकवते आणि दख्खनी लेखांच्या नादानं फिरते. लेखात बांधकामाचा उल्लेख आहे आणि त्यातला एक भाव मला विसरता येत नाही : हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. शब्दशः कविता इथे देत नाही, मतलब हाच. मजा अशी की हे वाक्य महालाला जितकं लागू आहे तितकंच धरणाला. आतून बघणाऱ्याला उजेड, बाहेरून चालून येणाऱ्याला खोल पाणी.

इब्राहिमबद्दल मूळ लेखात फारसं आलं नाही म्हणून भर घालते. हा आदिलशहा संगीतात बुडालेला होता. त्याची "किताब-ए-नौरस" ही दख्खनीतली गीतं, नवरसांवरची. त्यात तो सरस्वतीला वंदन करतो, गणपतीचं नाव घेतो. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. 1599 मध्ये त्यानं विजापूरजवळ नौरसपूर नावाचं नगरच वसवायला घेतलं होतं. विजापूरच्या पूर्वेला कुमटगी इथे आदिलशाहीतले जलमहाल आहेत, तिथे नळांतून आणि कारंज्यांतून पाणी खेळवलंय. ते पाहून नळदुर्गला आलं की एक गोष्ट लख्ख दिसते. कुमटगीला पाणी करमणुकीसाठी मुद्दाम आणलं. नळदुर्गला पाणी लष्करी गरजेचं होतं, आणि तरी त्या माणसांना त्यातलं सौंदर्य सोडवेना. एकाच भिंतीत दोन्ही.

घाटमाथा

मी सह्याद्रीत भटकणारा. खरं सांगतो, भुईकोट म्हटलं की पाय वळायचे नाहीत. नळदुर्गला लग्नानिमित्त गेलो होतो, सकाळी दोन तास मोकळे मिळाले म्हणून आत शिरलो आणि लग्नाचा मुहूर्त गाठताना धावपळ झाली.

मला पकडलं ते उपली बुरुजानं. किल्ल्याच्या मधोमध एकटा उभा, सगळ्यात उंच. वर चढायला बाहेरून दगडी पायऱ्या, कठडा नाही. वर दोन लांबलचक तोफा पडल्यात. एकीला हत्ती म्हणतात, दुसरीला मगर. मगरीच्या तोंडाशी बसून चारी दिशांना पाहिलं. सपाट मुलूख, नजर अडत नाही. डोंगरी गडावर आपण उंचीच्या जोरावर पाहतो, इथे ती उंची माणसांनी दगड रचून तयार केली.

आणि तो नवबुरूज! नऊ पाकळ्यांसारखा बाहेर फुगत गेलेला. असा बुरूज मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की दगडाला लाटा आल्यासारख्या दिसतात.

एक विचारायचं होतं. मराठ्यांकडे हा किल्ला कधी होता का?

बोरीकाठ

@घाटमाथा, होता, पण थोडा काळ आणि तहातून. 1686 मध्ये विजापूर पडलं, आदिलशाही संपली आणि नळदुर्ग मोगलांकडे गेला. पुढे निजामाचं राज्य उभं राहिलं तसा तो निजामाकडे आला. 1757 च्या अखेरीस सिंदखेडला पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांची गाठ पडली. मराठ्यांच्या बाजूनं विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे होते. निजामाला तह करावा लागला, त्यात पंचवीस लाखांच्या मुलखासोबत नळदुर्गचा किल्ला देण्याचं ठरलं. कुठल्याही तहात किल्ला नाव घेऊन मागितला जातो तेव्हा त्याची किंमत कळते. पुढे तो परत निजामाच्या मुलखात आला आणि 1948 पर्यंत तिथेच राहिला, मधली सात वर्षं सोडून.

अणदूरकर

राम राम मंडळी. आमचं गाव अणदूर, किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. किल्ल्याचं लिहिलंत, पण आमच्या खंडोबाशिवाय नळदुर्ग पुरा व्हत नाही, म्हणून लिहितोय.

आमचा देव दोन गावांत राहतो. सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. मूर्ती पालखीतनं जाते आणि येते. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत करार व्हतो, देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा. पौष पौर्णिमेला नळदुर्गला जत्रा भरते, भंडाऱ्यानं सगळं पिवळं हुतं. दमयंती राणी खंडोबाची भक्त होती, तिच्यासाठी देव नळदुर्गात आला अशी आमच्याकडं गोष्ट हाय. मी ही गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली, माझ्या नातीनं माझ्याकडनं ऐकली.

देव न्यायच्या राती मी लहानपणी चालत जायचो. थंडीचे दिवस, पुढं दिवट्या, मागं "येळकोट येळकोट जय मल्हार". बोरीच्या अंगाला उतरलं की किल्ल्याचा तट अंधारात नुसता काळा डोंगर दिसायचा, आणि त्यावर दिवट्यांचा उजेड हलायचा. शाहीत किती राजे बदलले, पर देवाची ही वाट काही बदलली नाही.

बोरीकाठ

अणदूरकर काका, राम राम. हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी किल्ल्याच्या बाजूनं पालखी पाहिलीय, पालखीच्या बाजूनं किल्ला कधी पाहिला नव्हता.

"मधली सात वर्षं" म्हटलं त्याचा खुलासा राहिला. 1853 मध्ये निजामानं इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचा हा मुलूख कंपनीकडे सोपवला. 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. या सात वर्षांतली पहिली चार वर्षं इथला कारभार पाहिला तो कॅप्टन फिलिप मेडोज टेलर यानं. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचं नाव तोवर झालेलं होतं. आधी शोरापूरला होता, तिथून 1853 मध्ये इथे आला. मुक्काम नळदुर्गच्या किल्ल्यातच. 1857 च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात, बुलढाण्याकडे पाठवलं. त्याच्या आत्मचरित्रात या मुलखावर भरपूर लिहिलेलं आहे. पुढे त्यानं "तारा" ही कादंबरी लिहिली, तिचं कथानक तुळजापुरातलं आणि अफजलखानाच्या काळातलं. इथे राहिल्याशिवाय ती सुचली नसती.

त्या काळी जिल्हाच नळदुर्गचा होता. 1904 पर्यंत जिल्ह्याचं ठाणं इथे होतं, मग ते धाराशिवला गेलं. कचेऱ्या गेल्या, नोकरदार गेले, व्यापारही हलला. गावातल्या जुन्या वाड्यांचे मोठमोठे दरवाजे बघितले की कळतं, हे कधीकाळी जिल्ह्याचं गाव होतं.

प्रवासी_पाऊल

एक काळजीची सूचना. मागच्या सप्टेंबरात आम्ही गेलो होतो तेव्हा माझ्या मेहुण्याचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून सटकला. मनगट मोडलं, प्लास्टर चढलं. फोटोसाठी चपला घालून कठड्यापलीकडे जाऊ नका. लहान मुलांचा हात सोडू नका. पाण्याचा आवाज इतका असतो की हाक मारलेली ऐकू येत नाही.

शिवाय धबधबे कधी सुरू असतात हे लोकांना कळत नाही. वरच्या बाजूला बोरीवरचं नवं धरण आहे, ते भरून वाहू लागलं की खाली नर-मादी सुरू होतात. नुसता दोन दिवस पाऊस पडला म्हणून निघालात तर कोरडी भिंत दिसेल.

चुनखडी

@प्रवासी_पाऊल, मेहुण्यांचं मनगट आता बरं आहे ना? वरच्या धरणाचं लिहिलंत ते महत्त्वाचं. पूर्वी नदीचा पहिला लोंढा थेट इथे यायचा. आता वर अडतो आणि उरलेला खाली येतो.

जुनी_पेटी

माझं माहेर सोलापूर, सासर तुळजापूर तालुक्यात. 1948 बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

रझाकारांच्या दिवसांत या पट्ट्यातली कितीतरी घरं रातोरात सोलापूरकडे गेली. सरहद्द जवळच होती, तिच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे हिंदुस्थान. माझ्या सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. त्यांची आई, त्या आणि दोन लहान भाऊ बैलगाडीतून निघाले. भाकरी बांधून घेतल्या, गाडीच्या चाकांना तेल दिलं, कारण कुरकुर ऐकू जाईल. सासूबाई शेवटपर्यंत दार लावताना कडीला तेलाचं बोट लावायच्या, ते तेव्हापासूनचं.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. जनरल जयंतनाथ चौधरी प्रमुख होते. पहिली चकमक झाली ती आमच्या नळदुर्गला. बोरीवरचा पूल हैदराबादच्या सैन्यानं उडवला असता तर रणगाडे आणि गाड्या नदीवर अडकल्या असत्या. सातव्या ब्रिगेडनं झपाट्यानं येऊन पूल शाबूत हाती घेतला, मग शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीनं नळदुर्गच्या मोर्चांवर चढाई केली. सकाळी नऊच्या सुमारास पुढची तुकडी जळकोटला पोचलीसुद्धा. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं.

सासूबाईंचं घर परत आलं ते दसऱ्याच्या आधी. त्या सांगायच्या, अंगणात गुडघाभर गवत होतं आणि तुळशीवृंदावन मात्र जसंच्या तसं.

बोरीकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जळकोटला नऊ वाजता पोचलेली ती तुकडी माझ्या आजोबांनी पाहिली होती. ते तेव्हा शेतात होते. आधी धूळ दिसली, मग आवाज आला, आणि माणसं रस्त्याकडे धावायच्या ऐवजी ज्वारीत शिरली, कारण कोण येतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. कणसाआडून पाहिलं तेव्हा गाडीवर तिरंगा दिसला. आजोबा हे सांगताना नेहमी तिथेच थांबायचे.

1581 च्या आसपासच्या वेढ्यातही आणि 1948 मध्येही प्रश्न एकच होता, बोरी ओलांडायची कशी. मधे साडेतीनशेवर वर्षं गेली.

मालुताई

मी पुण्याची, नळदुर्ग कधीच पाहिलेला नाही. वडील सोबत येतील, वय चौऱ्याहत्तर. त्यांना झेपेल का? आणि किती वेळ धरू?

बोरीकाठ

मालुताई, नक्की या. हुलमुख दरवाजानं आत शिरा. दरवाजा नीट बघा, वाट वळवून आत नेलीय, सरळ चाल करून येणाऱ्याला तटाच्या माऱ्यात आणायला. आतला भाग बराचसा सपाट आहे, त्यामुळे वडिलांना चालायला त्रास नाही. उपली बुरूज त्यांनी खालूनच पाहावा, पायऱ्या उघड्या आहेत. पाणी महालाचा जिना उंच आहे पण सावकाश उतरता येतो. मोबाइलच्या उजेडात तुम्ही पुढे, ते मागे, भिंतीला हात लावून. सकाळी आठला पोचा, टोपी आणि पाणी घ्या, अकराच्या आत महालात शिरा. दुपारचं ऊन तिथेच काढा. दोघांनाही बरं वाटेल. परतताना तुळजापूर करून जाता येतं.

मालुताई

जाऊन आलो. काल, एप्रिलच्या ऐन उन्हात. धागा वाचला नसता तर या दिवसांत गेलेच नसते.

बाबा आमच्या गावच्या पाणीपुरवठ्यावर होते, एकतीस वर्षं. टाकी भरणं, व्हॉल्व्ह सोडणं, फुटलेली पाइपलाइन शोधणं. किल्ल्यात शिरल्यापासून त्यांचं बाकी कशात लक्ष नव्हतं. मशीद पाहिली, रंगमहाल पाहिला, "हं, छान" म्हणाले. धरणावर पाय ठेवला आणि चाल बदलली. माथ्यावर मधेच थांबून दोन्ही बाजूंना वाकून बघायचे. एकीकडे तळाला हिरवट पाणी, दुसरीकडे दगड आणि वाळलेलं गवत. "पाणी इथं टेकलंय," असं म्हणून त्यांनी मला भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या, एकाखाली एक, फिकट होत गेलेल्या. मला तोवर ती नुसती डागाळलेली भिंत वाटत होती.

जिना उतरायला वीस मिनिटं लागली. खाली गारवा होता तसाच, तुम्ही लिहिलाय तसा. वास होता. डोळे सरावायला थांबलो. मग ती खिडकी. तुम्ही सांगितलेली गोल कड मी शोधायच्या आत बाबांच्या हाताला लागली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही तळवे त्या कडेवरून फिरवले, आणि मग खिडकीची रुंदी वितीनं मोजायला घेतली. एकदा मोजली. पटलं नाही म्हणून परत मोजली. मग धार कुठून येत असेल, किती पुढे पडत असेल, ते माझ्या मुलीला हातवारे करून सांगत बसले. ती आठवीत आहे, तिनं मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं.

दीड वाजला होता, जेवण व्हायचं होतं. निघू या म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

चुनखडी

मालुताई, बाबांनी मोजलेलं इथे टाका. आणि त्यांची वीत किती इंचांची आहे तेही.